पदरमोडीचे संपादक

वाङ्मयाचा इतिहास सांगताना आपण लेखकांची नावे घेतो, ग्रंथांची नावे घेतो, फार तर प्रकाशकाचे नाव घेतो. परंतु ज्या माणसाने एखादा नवा लेखनप्रकार वाचकांपुढे यावा म्हणून घरातले पैसे घातले, रात्री जागून मुद्रिते तपासली, वेष्टनांवर वर्गणीदारांचे पत्ते स्वतःच्या हाताने लिहिले आणि अखेर कर्जाचा आकडा पाहून निमूटपणे मासिक बंद केले, त्या माणसाचे नाव आपण बहुधा विसरतो. आज अशा काही माणसांविषयी मी बोलणार आहे. त्यांचा विषय एकच होता. विज्ञानाच्या आधाराने उद्याची कल्पना करणारी जी कथा, जिला आज आपण विज्ञानकथा म्हणतो, ती त्यांना आवडत असे. आणि आपल्याला आवडते ते दुसऱ्यालाही वाचावयास मिळावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

या विषयाकडे मी वळलो तो विद्वत्तेच्या वाटेने नव्हे. मी नामपल्लीत लहानाचा मोठा झालो. आमच्या घरापासून स्टेशन पायी दहा मिनिटांवर होते. १९०७ साली उभारलेले हे स्टेशन म्हणजे गाड्यांचा शेवटचा मुक्काम. रूळ येथे येऊन संपतात. मुंबई–पुण्याची वाट वाडी जंक्शनवरून येते, आणि त्या वाटेने माणसांबरोबर मराठी अक्षरही आमच्यापर्यंत येत असे. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमनची वाट पाहत ओट्यावर बसून राहत. खाकी कागदाची अरुंद पट्टी गुंडाळलेला अंक हाती पडला की ती पट्टी न फाडता अलगद सरकवून काढण्याचा मान त्यांचा, आणि अंक दुसऱ्यांदा वाचण्याचा मान माझा. तो अंक असे ‘बालमित्र’ मासिकाचा. त्या अंकांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. कारण ते सांगितल्यावाचून या भाषणाला अर्थ नाही.

प्रथम जरा दूर, इंग्लंडात जाऊ. १९३० सालच्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या इलफर्ड गावी वॉल्टर गिलिंग्ज नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने एक लहानसे मंडळ स्थापन केले. गिलिंग्ज स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करीत होता. अमेरिकेतील विज्ञानकथांच्या मासिकांचे न खपलेले अंक त्या काळी इंग्लंडातील दुकानांत अगदी स्वस्तात मिळत, आणि ते वाचून वेडी झालेली मुले गावोगावी होती. पण या गावच्या मुलाला त्या गावच्या मुलाचा पत्ता नव्हता. अशा विखुरलेल्या वाचकांना एकत्र आणावे या हेतूने ते मंडळ निघाले. विज्ञानकथाप्रेमींची ब्रिटनमधील पहिली संघटना म्हणून त्याचा उल्लेख होतो. मंडळ फार दिवस टिकले नाही, पण गिलिंग्जचा ध्यास टिकला. १९३७ च्या जानेवारीत त्याने विज्ञानकथेची समीक्षा आणि वार्ता देणारे एक नियतकालिक स्वतः छापून काढले. ते वर्षभराच्या आसपास चालले. त्याच वर्षी एका प्रकाशकाने त्याच्या हाती ‘टेल्स ऑफ वंडर’ हे कथांचे नियतकालिक सोपविले. १९४२ साली युद्धकाळात ते थांबले. परंतु तेवढ्या अवधीत आर्थर सी. क्लार्क या तरुणाचे मोबदला देऊन छापलेले पहिले लेखन त्याने प्रसिद्ध केले होते. हाच क्लार्क पुढे सिंहलद्वीपात स्थायिक झाला, आणि पृथ्वीभोवती स्थिर भासणाऱ्या उपग्रहांद्वारे संदेश पाठविता येतील हा विचार त्याने १९४५ सालीच लेख लिहून मांडला.

गिलिंग्ज एकटा नव्हता. न्यूनीटन गावात मॉरिस हॅन्सन याने १९३६ च्या मार्चमध्ये ‘नोव्हे टेरे’, म्हणजे ‘नव्या भूमी’, या नावाचे सायक्लोस्टाइल केलेले पत्र सुरू केले. ते १९३९ च्या आरंभापर्यंत चालले; तेव्हा टेड कार्नेल याने ते आपल्याकडे घेऊन त्याचे नाव इंग्रजीत ‘न्यू वर्ल्ड्‌स’ असे केले, आणि महायुद्ध संपल्यावर १९४६ साली त्याच नावाने एक रीतसर व्यावसायिक नियतकालिक उभे राहिले. १९३७ सालच्या ३ जानेवारीस लीड्स शहरात अशा रसिकांची परिषद भरली. जमलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. परंतु त्यांत क्लार्क होता, गिलिंग्ज होता, कार्नेल होता. पुढे युद्धात कागदाची टंचाई झाली, तरुण सैन्यात पांगले, तेव्हा लीड्सच्याच मायकेल रोझेनब्लम याने १९४० ते १९४५ या काळात एक लहानसे युद्धकालीन वार्तापत्र चालू ठेवून या माणसांचा एकमेकांशी असलेला धागा तुटू दिला नाही.

श्रोतेहो, या पत्रांचे अर्थकारण पाहण्यासारखे आहे. त्यांतून कोणाला नफा होत नसे, आणि तशी अपेक्षाही नसे. वाचकच लेखक, लेखकच संपादक, संपादकच शिपाई. मग त्यांनी साधले काय? त्यांनी वाचकाला तो एकटा नाही हे कळविले. आणि जो लेखक होऊ पाहत होता, त्याला पहिली चूक करण्यासाठी जागा दिली. मोठ्या मासिकात चूक करण्याची सोय नसते. लहान पत्रात ती असते. वाङ्मयाच्या वाढीला या सोयीची किती गरज असते, हे ज्यांनी शाळेत हस्तलिखित मासिक काढले आहे त्यांना सांगावयास नको. आपल्याकडील हस्तलिखिताची परंपरा, आणि १९५० नंतर तरुण कवींनी काढलेली अनियतकालिके, ही याच कुळातली होत.

आता आपल्या घरी येऊ. मराठीत विज्ञानकथेचा आरंभ शोधू लागलो तर पाऊल पुण्यात पडत नाही, मुंबईत पडत नाही. ते पडते थेट मलबारच्या किनाऱ्यावर, कोचीन येथे. तेथे १८८६ साली कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ‘केरळ कोकिळ’ नावाचे मराठी मासिक सुरू केले. आठल्ये मूळचे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या टेंभू गावचे. जन्म १८५३ सालचा. गोपाळ गणेश आगरकर त्याच गावचे, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. आठल्ये शिक्षक होते, कवी होते, चित्रकार होते. ‘प्रमाण’ ही त्यांची कविता, ज्यात कोणत्याही गोष्टीचा अतिरेक वाईट हे सांगितले आहे, जुन्या पिढीतील अनेकांना तोंडपाठ होती. मात्र ती कोणाची, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक होते. हाही संपादकाचाच वाटा म्हणावयाचा!

जेथे बाजारात मराठी ऐकू येत नाही, जेथे खिळे जुळविणाऱ्याला देवनागरी येत नाही, अशा ठिकाणी राहून मराठी मासिक चालवावे, हा विचारच मुळी व्यवहारी माणसाचा नव्हे. परंतु ‘केरळ कोकिळ’ अल्पजीवी ठरले नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ते महाराष्ट्रभर वाचले जात होते. त्यातील परखड पुस्तकपरीक्षणांचा ग्रंथकारांना दरारा वाटे. आठल्ये यांची वृत्ती सनातन धर्माकडे झुकलेली, गीतेवर आणि दासबोधावर त्यांचे प्रेम. आणि तरीही याच मासिकातून १९०० साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची चंद्रलोकच्या सफरीची कादंबरी मराठी वाचकांच्या भेटीला आली. व्हर्न त्या वेळी हयात होता. त्याचा मृत्यू १९०५ सालचा. मूळ कादंबरी १८६५ मधील. एका अजस्र तोफेतून गोळा उडवून त्यात माणसे बसवून चंद्राकडे पाठवावी, ही तिची कल्पना.

या घटनेचा अर्थ आपण नीट लक्षात घ्यावा. १९०० साली महाराष्ट्रात विजेचा दिवा हीच नवलाई होती. प्लेगने शहरे ओस पडली होती, दुष्काळ पडला होता. अशा वर्षी एक मराठी संपादक आपल्या वर्गणीदारांना चंद्रावर जाण्याचे गणित वाचावयास देतो. त्याने ते का दिले असेल? मला वाटते, उत्तर सोपे आहे. दूर राहणाऱ्या संपादकाला आपला वाचक समोर दिसत नाही. त्यामुळे वाचकाला काय झेपणार नाही याची धास्तीही त्याला कमी असते. पुण्यातील संपादकाला दुसऱ्या दिवशी मंडईत कोणीतरी अडवून विचारले असते, “अहो, हे काय छापता?” दूरच्या संपादकाला असे विचारणारे कोण असणार?

पुढच्या काळात हा प्रवाह बारीक असला तरी आटला नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. स्वतंत्र मराठी विज्ञानकथेच्या आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. अधूनमधून अशी एखादी कथा कोणा मासिकात प्रसिद्ध होई. पण वाचकाला तिच्या मागोमाग दुसरी मिळत नसे. विहिरीला झरा असावा पण रहाट नसावा, तशी ही अवस्था होती. रहाट बसविणारी माणसे स्वातंत्र्यानंतर आली.

त्यांतील एक अनंत अंतरकर. १९४६ साली त्यांनी ‘हंस’ काढले आणि पुढे ‘मोहिनी’ व ‘नवल’ ही आणखी दोन मासिके त्याच्या जोडीला आणली. ‘नवल’ हे नावच बोलके आहे. अद्भुत, रहस्य, भय आणि विज्ञान या चारही वाटांवरील कथांना येथे हक्काचा निवारा मिळाला. सभ्य मासिके ज्या कथेला उंबऱ्याबाहेर उभी ठेवीत, तिला अंतरकरांनी पाट मांडून बसविले. आणि तेही भाषेची व मांडणीची ऐट न सोडता. १९६६ साली अंतरकर गेले. त्यांची मासिके पुढच्या पिढीने दिवाळी अंकांच्या रूपाने जपली.

परंतु माझ्या मते इंग्लंडातील त्या रसिक-संपादकांचा खरा मराठी भाऊ शोधावयाचा तर तो भास्कर रामचंद्र भागवत यांच्यात सापडतो. भा. रा. भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. मराठी तेथेही घरात आणि दरबारात नांदत होती, बाजारात नव्हे. आमच्या हैदराबादच्या मराठी माणसाला ही स्थिती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. भागवत दिल्लीस आकाशवाणीच्या नोकरीत होते. १९४२ च्या चळवळीची हाक आली तेव्हा सरकारी नोकरीची ऊब त्यांनी सोडली. पुढे लेखणी हाच व्यवसाय. आणि त्यातही मुलांसाठी लेखन, म्हणजे ज्यात मान थोडा आणि मोबदला त्याहून थोडा.

१९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक सुरू केले. या कामी त्यांच्या पत्नी लीलावतीबाई बरोबरीने उभ्या होत्या. त्याही बालसाहित्याच्या लेखिका, आणि मुंबई आकाशवाणीच्या महिलांच्या कार्यक्रमाशी दीर्घकाळ निगडित राहिलेल्या. मुलांचे मासिक चालविणे हा एक वेगळाच जाच असतो. मोठ्यांच्या मासिकाला जाहिरात मिळते. मुलांजवळ पैसा नाही, म्हणून त्यांच्या मासिकाकडे जाहिरातदार फिरकत नाही. चित्रे तर भरपूर हवीत. आणि त्या काळी एकेका चित्रासाठी जस्ताचा ठोकळा करून घ्यावा लागे. मजकुराचा एकेक खिळा हाताने जुळवावा लागे. कागद महाग, टपालखर्च ठरलेला, आणि वर्गणी मात्र बापाच्या खिशाला परवडेल एवढीच ठेवावयाची. अंकाला उशीर झाला की मुलांची रुसव्याची पत्रे येणार, आणि त्या पत्रांना उत्तर न द्यावे तर मन खाणार. असे ‘बालमित्र’ १९५७ पर्यंत चालले. सहा-सात वर्षे म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने काहीच नव्हेत. पण आठ वर्षांचा मुलगा चौदा वर्षांचा होतो तो एवढ्याच काळात. एका पिढीचे बालपण त्यात बसले.

मासिक बंद झाले तरी संपादकातला रसिक थांबला नाही. व्हर्न आणि वेल्स हे भागवतांचे आवडते लेखक. त्यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या एकामागून एक मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावेच पाहा. धूमकेतू हा शब्द पाठ्यपुस्तकातला. शेंडेनक्षत्र हा आजीच्या तोंडचा. अंगणात निजलेल्या नातवंडाला आजी ज्या शब्दाने आकाश दाखवी, तोच शब्द उचलून त्यांनी फ्रेंच कादंबरीच्या माथ्यावर ठेवला. भाषांतर कशास म्हणावे याचा हा उत्तम पाठ होय. मुलाला अपरिचित जगात न्यावयाचे असेल तर त्याचा हात ओळखीच्या शब्दाने धरला पाहिजे, हे त्यांनी जाणले होते.

१९६६ साली त्यांचे ‘उडती छबकडी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी एक दीर्घ प्रस्तावना लिहिली, आणि तीत विज्ञानकथा या लेखनप्रकाराची सविस्तर चर्चा केली. मराठीत या विषयाचा विचार करणाऱ्यांना त्या प्रस्तावनेकडे पुनःपुन्हा वळावे लागते. ही एक लहानशी पण फार अर्थपूर्ण गोष्ट आहे. ज्या विषयाला विद्यापीठात आसन नव्हते, त्या विषयाची मीमांसा मुलांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत झाली. कारण ती करण्याइतके प्रेम ज्याच्या ठायी होते, त्याच्याजवळ दुसरे व्यासपीठच नव्हते. गिलिंग्जने स्वतःच्या पदराला खार लावून समीक्षेचे पत्र काढले, भागवतांनी प्रस्तावना लिहिली. प्रेरणा एकच.

भागवतांचे नाव आज ज्याच्यामुळे घरोघर माहीत आहे तो फुरसुंगीचा बनेश फेणे, अर्थात फास्टर फेणे, हा विज्ञानकथेचा नायक नव्हे. पण त्याच्या चौकसपणात आणि सायकलच्या वेगात तोच वारा आहे. त्याच्यावर १९८७ साली दूरदर्शनवर मालिका आली, २०१७ साली चित्रपट आला. भागवत स्वतः २७ ऑक्टोबर २००१ रोजी, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले. व्हर्नची चंद्रकथा मराठी मुलांना देणाऱ्या या माणसाने १९६९ साली माणूस खरोखरीच चंद्रावर उतरल्याची वार्ता आपल्या कानांनी ऐकली होती, ही कल्पना मला सुखावते.

आता या पेरणीचे पीक पाहू. १९६६ सालीच मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. १९७० पासून परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे प्रत्यक्षात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घडविले होते, आणि परीक्षकांनी आपले अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंच्या हस्ताक्षरात पाठविली होती. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. कराड! आठल्ये यांचे टेंभू तेथून हाकेच्या अंतरावर. १९०० साली ‘केरळ कोकिळ’मधून निघालेला तो चंद्राचा गोळा पंचाहत्तर वर्षांनी जणू आपल्या गावी परत आला. नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. पण त्यांच्यामागे विज्ञानकथा मराठी वाङ्मयाच्या माजघरात बसलेली होती, ओसरीवर नव्हे.

कोणी म्हणेल, नारळीकरांसारखा प्रतिभावंत शास्त्रज्ञ लाभला म्हणून हे झाले. पदरमोडीच्या संपादकांचा त्यात काय वाटा? आक्षेप वरवर खरा वाटतो. पण एक गोष्ट विचारात घ्यावी. कृष्णविवरावरील कथा समजून घेऊन तिला पहिले पारितोषिक देणारे परीक्षक आणि ती आवडीने वाचणारे वाचक १९७४ साली एकाएकी कोठून आले? ते वाचक वीस वर्षांपूर्वी ‘बालमित्र’ची खाकी पट्टी सोडवीत होते, ‘नवल’चा अंक उशीखाली लपवीत होते. लेखक आकाशातून पडू शकतो. वाचक मात्र घडवावा लागतो.

आता आमच्या हैदराबादविषयी दोन शब्द. या नगरीत मराठीचा संसार जुना आहे. विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात उभी राहिली. १९२० साली ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक निघाले. १९३१ साली ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले. केतकर हेही एका अर्थाने याच पंथाचे. वर्गणीदार जमवीत गावोगाव हिंडून त्यांनी ज्ञानकोशाचे खंड पुरे केले. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. आमच्या गल्लीतील किती तरी बिऱ्हाडे त्या एक-दोन वर्षांत औरंगाबादेस, नांदेडला, परभणीला गेली. नामपल्लीच्या फलाटावर निरोप देण्यासाठी गेल्याचे मला आठवते. जी मागे राहिली त्यांना मराठी मासिक हे केवळ करमणुकीचे साधन उरले नाही. आपण अजून त्या घरचे आहोत याची ती दरमहा मिळणारी पोच होती. आणि नेमके १९५७ साली ‘बालमित्र’ थांबले. अण्णा कित्येक महिने ओट्यावर बसत राहिले. बाबांनी एकदा सांगितले, “अरे, ते बंद झाले.” त्यानंतर ते बसले नाहीत.

त्यांनी सगळे अंक वर्षावार लावून, सुतळीने शिवून, एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले होते. पुढे अण्णा नोकरीनिमित्त दूर गेले आणि तिकडेच वारले. जुने घर पाडावयाचे ठरले तेव्हा ट्रंक माझ्या वाट्याला आली. कागद पिवळा पडला होता, कडा हात लावताच तुटत होत्या. त्या काळचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातील आम्ल वर्षागणिक कागदाला आतून खाते, हे मला ठाऊक होते. तरी मी ते अंक रद्दीत घातले. वजनावर. काट्यात टाकताना दोन अंकांमध्ये घडी करून ठेवलेली ती खाकी वेष्टनाची पट्टी खाली पडली. तिच्यावर अण्णांचे नाव होते, आमचा नामपल्लीचा पत्ता होता, आणि तो पत्ता छापलेला नव्हता. कोणाच्या तरी हाताने शाईने लिहिलेला होता. पट्टी माझ्याजवळ राहिली, अंक गेले. पुढे कित्येक वर्षे आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात मी ते अंक शोधीत फिरलो. उर्दू मासिके मिळाली, तेलुगू मिळाली, इंग्रजी तर ढिगांनी मिळाली. ते मिळाले नाहीत.

इंग्लंडात काय घडले ते पाहा. तेथील विज्ञानकथेची पुस्तके, मासिके आणि रसिकांची सायक्लोस्टाइल पत्रेसुद्धा गोळा करून एक मोठा संग्रह उभा करण्यात आला, आणि १९९३ पासून तो लिव्हरपूल विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासकांसाठी आहे. त्यामुळे हॅन्सनने कोणत्या महिन्यात कोणता अंक काढला, हे आज सांगता येते. आपल्याकडे १९०० सालची चंद्रलोकची सफर ही मराठी विज्ञानकथेची सुरुवात, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु हा अभिमान उभा आहे तो कोणीतरी, कोठेतरी, ‘केरळ कोकिळ’चा अंक रद्दीत घातला नाही म्हणून. इतिहासाचा पुरावा हा अखेर एखाद्या माळ्यावरच्या ट्रंकेत असतो.

तेव्हा श्रोतेहो, माझी एकच विनंती आहे. दिवाळीपूर्वीची झाडलोट करताना माळ्यावर जुन्या मराठी मासिकांचा गठ्ठा सापडला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी जवळच्या मराठी ग्रंथालयात एक निरोप द्यावा. अंक फाटका असेल, मुखपृष्ठ गेले असेल, तरी चालेल. मागच्या पानावर मुद्रकाचे व संपादकाचे नाव आहे एवढे पाहावे. आज पानांची छायाचित्रे घेऊन ती जतन करण्याची सोय झाली आहे. कागद उद्या मोडला तरी मजकूर राहू शकतो. पदरमोड त्या माणसांनी केलीच आहे. आपल्याला फक्त ट्रंक उघडावयाची आहे.

ती खाकी पट्टी मी एका पुस्तकात जपून ठेवली आहे. तिच्यावरचे अक्षर कोणाचे, ते आता कळावयाचे नाही. पण तो पत्ता लिहिणाऱ्याला ठाऊक होते की नामपल्लीत एक मुलगा आहे, आणि तो वाट पाहतो आहे.